निगेटिव्ह टाकू नका

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण गडावरची मंडळी आणि खाली चिखली-आंबेवाडीकडची मंडळी, तुम्ही तरी शेवटपर्यंत वाचा. तुमच्या कपाटात पडलेल्या एका जुन्या पाकिटाचा यात संबंध आहे.

गेल्या महिन्यात एक काका माझ्याकडं आले. तीन दरवाज्याच्या वाटेवर त्यांची झुणका-भाकरीची टपरी. आधी त्यांच्या आई बसायच्या, आता हे आणि सूनबाई. चहा पीत इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "तुम्ही तवा लई फोटो काढत हिंडायचा. आमच्या टपरीचा एखादा जुना फोटू असंल का बघा की."

"कशाला काका?"

"पुरावा म्हणून."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आमचा पन्हाळा आहे. आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही झाला. पण बाकीच्या गडांत आणि पन्हाळ्यात एक फरक आहे. पन्हाळ्यावर तटाच्या आत गाव आहे. नगरपरिषद आहे, तहसील आहे, शाळा आहेत, चुली पेटतात, पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळं यादीची चर्चा सुरू झाली तेव्हापासूनच इथल्या माणसांच्या पोटात एक गोळा आहे. उद्या कुणी विचारलं की बाबा तू इथं कधीपासून, तर दाखवायचं काय? काकांकडं आईच्या काळातल्या दोन पावत्या होत्या, त्या भिजून लगदा झाल्या.

मी म्हटलं, बघतो. मनात मात्र खात्री होती, कारण त्या टपरीचे फोटो मी काढलेलेच होते. 2006 ला गडावरच्या झुणका-भाकर विकणाऱ्या बायकांवर मी एक पान केलं होतं. चांगले पन्नास-साठ फोटो असतील. काकांच्या आईचा चुलीपुढं बसलेला, भाकरी थापतानाचा, गिऱ्हाइकाला ओरडतानाचासुद्धा. सगळे डिजिटल.

दोन रात्री शोधले. त्यातला एकही मिळाला नाही.

मिळाला तो तिसऱ्याच ठिकाणी. वरच्या फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात माझ्या रोलच्या काळातल्या निगेटिव्ह. ट्यूबलाइटपुढं एकेक पट्टी धरून बघत होतो. 2001 सालचं एक भूमिपूजन. एक पुढारी कुदळ घेऊन उभे, बाजूला हार घातलेले आठ-दहा जण, सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. आणि पुढाऱ्यांच्या उजव्या खांद्यामागं, थोडी धूसर, ताडपत्रीची एक टपरी. टपरीत एक बाई. तिचं कार्यक्रमाकडं लक्षसुद्धा नाही.

काकांनी मोठा केलेला प्रिंट हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते पुराव्याचं नव्हतं. म्हणाले, "आई."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी जो फोटो या बाईचा म्हणून, मुद्दाम, प्रेमानं काढला तो गेला. पुढाऱ्याचा म्हणून काढला त्यात ती चुकून आली, आणि तो राहिला.

असं का झालं, ते सांगायला थोडं मागं जातो.

पत्रकारितेचा डिप्लोमा झाला आणि मी गडावर परत येऊन एका दैनिकाचा वार्ताहर झालो. पगार नव्हता. छापून आलेल्या मजकुराचे सेंटीमीटर मोजून मानधन, आणि फोटोला वेगळे थोडे पैसे. कॅमेरा पेंटॅक्स के-1000, माझ्याआधी दोन मालक बघितलेला. सगळं हातानं करायचं. सेल लागायचा तो फक्त उजेड मोजायला. छत्तीसचा रोल काळजीनं चढवला तर सदतीस-अडतीस फोटो निघायचे, आणि ते जादाचे दोन काढण्यात जी कमाई वाटायची ती नंतर कधी वाटली नाही.

रोल शंभराच्या घरात. वर धुण्याचे पैसे, वर कॉपीचे पैसे. एका बातमीसाठी अख्खा रोल संपवणं परवडायचं नाही आणि रोल संपेपर्यंत थांबलं तर बातमी शिळी व्हायची. मग आम्ही काय करायचो? सहा फोटो काढायचे, रोल तिथंच गुंडाळायचा, पाकिटात घालायचा, पाकिटावर दैनिकाचं नाव लिहायचं आणि कोल्हापूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा. तिकडं स्टँडवर ऑफिसचा पोरगा थांबलेला असायचा. एखादा ड्रायव्हर विसरून पाकीट तसंच पुढच्या फेरीला घेऊन जायचा. आमची बातमी मग परवाच्या अंकात, बिनफोटोची.

आता मुद्द्याचं. मोजके फोटो असले की माणूस ठरवतो कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही. आम्ही काय ठरवलं? भूमिपूजन, उद्घाटन, सत्कार, निवेदन देतानाचा फोटो. एक कारण म्हणजे ते छापून यायचं. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही, मी बोलतो: कार्यक्रमवाले दहा-दहा कॉप्या विकत घ्यायचे. माझ्या रोलचा खर्च त्यातूनच निघायचा. सोमवार पेठेच्या चढाला डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई कॉपी विकत घेणार नव्हती. तिच्यासाठी मी बटण दाबलं नाही. चार वर्षांच्या त्या डब्यात साधारण दीडशे रोलच्या पट्ट्या आहेत. एवढ्या सगळ्यात बायका कुठं दिसतात? ओवाळताना, आरतीचं ताट घेऊन.

म्हणजे रोलचा जमाना सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आजकाल पुण्या-मुंबईची पोरं गडावर फिल्मचे कॅमेरे घेऊन येतात, धुकं टिपतात, कौतुक आहे. त्यांना तो छंद परवडतो. आम्हाला ती अडचण होती.

2005 च्या उन्हाळ्यात मी पतसंस्थेचं कर्ज काढून पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. तीन मेगापिक्सलचा, पेन्सिल सेलवर चालणारा, खिशात मावणारा. मजा बघा, अशा कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975 लाच तयार झाला होता, आणि तोही कोडॅकमध्ये, म्हणजे जगाला रोल विकणाऱ्या कंपनीतच. स्टीव्हन सॅसन नावाच्या तिथल्या इंजिनिअरनं तो बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागायचे. तिथून पन्हाळ्याच्या वार्ताहराच्या खिशात यायला तीस वर्षं गेली. 2012 ला कोडॅकनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला तोवर आमच्या बाजारातल्या स्टुडिओत रोल मागणारं कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. मिठाची बरणी, कुत्रं, सासरे, भिंतीवरचं कॅलेंडर. बायको म्हणाली, "वाया चाललंय की सगळं!" मी म्हटलं, "वाया जातच नाही गं, पुसायचं आणि परत काढायचं." हे वाक्य बोलताना जो आनंद झाला होता, तोच पुढं नडला.

पण त्या आनंदाला खोटं म्हणणार नाही. पहिल्यांदाच मी पैशाचा विचार न करता माणसांकडं बघायला लागलो. बुधवार पेठेतला चर्मकार, मसाई पठारावर जनावरं घेऊन जाणारे, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीखाली घामेजलेला माणूस. आणखी एक बदल झाला, त्याबद्दल फार कुणी लिहिलेलं नाही. फोटो काढल्यावर माणसं म्हणायला लागली, "दाखव की." कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या त्या टीचभर पडद्यात डोकं घालून बघायची. एक आजी म्हणाली, "ह्यो नगं, डोळं झाकल्यात माझं. दुसरा काढ." तोपर्यंत कसा दिसायचं हे फक्त पुढारी सांगायचे. आता आजीनं मला फोटो परत काढायला लावला होता.

आणि त्याच वर्षी जुलैच्या शेवटी पूर आला.

2005 चा पूर आठवत नसलेल्यांसाठी: त्याआधीचा मोठा पूर 1989 चा. त्यानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. पण जागा दिली म्हणून गाव उठत नाही. शेत इथं, गोठा इथं, देव इथं. माणसं राहिली. आणि पंचगंगा बनते तीच मुळी चिखलीच्या संगमावर, त्यामुळं पाणी वाढलं की पहिली नोटीस यांच्याच दाराला.

मी गडावरून उतरलो, मिळेल त्या गाडीनं आणि पुढं चालत. पाणी ओसरायला लागलं होतं. घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती, कुठं खिडकीच्या वर, कुठं तुळईला टेकलेली. चिखलात भांडी, फुगलेलं धान्य, मेलेली जनावरं. तो वास आजही पहिल्या पावसात नाकात येतो.

दिवसभरात मी दोनशेच्या वर फोटो काढले. रोलवर असतो तर वीसेक काढले असते. घराघरात गेलो. एका घरात एका आजीनं मला हाताला धरून नेलं आणि भिंतीपुढं स्वतः उभी राहिली. पाण्याची रेघ तिच्या डोक्याच्या वर वीतभर. म्हणाली, "माझ्यासंगं काढ. म्हंजी पाणी किती हुतं ते कळंल लोकास्नी." पुराची उंची मोजायची तिची पद्धत सरकारी पट्टीपेक्षा सरळ होती.

पण इथंच एक घोळ मी करून ठेवला होता. कॅमेऱ्याबरोबर आलेलं कार्ड होतं 16 एमबीचं. पूर्ण आकारात फोटो काढले तर डझनभर बसायचे. नवीन कार्ड घ्यायला पैसे नव्हते. म्हणून मी फोटोचा आकार सगळ्यात लहान करून ठेवला, 640 बाय 480. त्यात दोनशे बसले. पेपरात छापायच्या हिशेबानं तो फोटो फार तर साडेपाच सेंटीमीटर रुंद, म्हणजे एका कॉलमपुरता. ऑफिसला तेवढंच हवं होतं. रात्री कोल्हापूरच्या सायबर कॅफेत बसून दहा फोटो मेल केले, दोन छापून आले. बाकीचे सीडीवर टाकले, सीडीवर स्केचपेननं 'पूर 2005' लिहिलं आणि कार्ड रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं.

रोल असता तर तो रिकामा करता आला नसता. बस, एवढाच फरक.

सीडीचं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ज्यांनी पन्हाळ्यावर पावसाळे काढलेत त्यांना माहीतच आहे. चार महिने ढग घरातून ये-जा करतात. चपलांना बुरशी येते, पापडाला येते, लेन्सलासुद्धा जाळं धरतं. सीडीचा वरचा चंदेरी थर बाजूनं सुटायला लागला. आठ-नऊ वर्षांनी घातली तर नुसती घरघर. तिची दुसरी प्रत ज्या कॉम्प्युटरमध्ये होती त्याची हार्ड डिस्क एका वीज कडाडलेल्या संध्याकाळी गेली. मेलचा पत्ता ज्या कंपनीचा होता तिनं तो खातंच बंद केलं. दैनिकाच्या ऑफिसात विचारलं, तर त्यांची सिस्टिम दोनदा बदललेली आणि वार्ताहरांचे छापून न आलेले फोटो कुणी का ठेवावेत? त्यांचंही बरोबर आहे.

निगेटिव्हलाही बुरशी येते, हे कबूल. माझ्या दीडशेतल्या वीसेक पट्ट्यांवर नक्षी उमटलीय. पण बुरशी आलेल्या पट्टीतही माणूस ओळखू येतो. सीडी एकतर वाचते किंवा वाचत नाही.

थोडे फोटो एका मित्राकडं पेन ड्राइव्हवर सापडले. सगळे मिळून चौदा. आणि त्या सगळ्यांवर तारीख काय? 1 जानेवारी 2005. सेल काढून ठेवले की त्या कॅमेऱ्याची तारीख मूळपदावर यायची, आणि मी आळसानं ती कधी लावलीच नाही. म्हणजे कागदोपत्री चिखलीला पूर आला तो नववर्षाच्या दिवशी, भर थंडीत.

हसू येतं. पण 2019 ला आलं नाही. तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43. दोन वर्षांनी 2021 ला त्याच्याही वर. दर वेळी पाणी ओसरलं की तेच प्रश्न. पंचनामा, पूररेषा, कुणाचं घर बाधित, कुणाचं नाही. 2019 च्या पुरानंतर चिखलीतला एक तरुण मला फोन करून म्हणाला, "दादा, 2005 ला आमच्या दारात पाणी कुठवर होतं त्याचा फोटो तुम्ही काढला होता. आजी नेहमी सांगायची. हे सांगतायत तुमच्या गल्लीत त्या वेळी पाणीच आलं नव्हतं." ती भिंतीपुढची आजी त्याची आजी. ती तोवर गेली होती. तिनं लोकांना कळावं म्हणून काढून घेतलेला फोटो माझ्याकडं नव्हता, आणि हे फोनवर सांगायला मला जो वेळ लागला तेवढा कुठल्याच बातमीला लागलेला नाही.

पुराव्याचं बोलतोय तर कायद्याचं थोडं. आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ टळल्यावर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 2020 ला न्यायालयानं सांगितलं की डिजिटल गोष्टीची नक्कल पुराव्यात द्यायची तर तिच्याबरोबर ठरलेलं प्रमाणपत्र हवंच: कुठल्या यंत्रातून काढली, ते यंत्र कुणाच्या ताब्यात होतं. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा आला. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश'सुद्धा द्यायचा, म्हणजे त्या फाइलची आकड्याअक्षरांतली ओळख, एक ठिपका बदलला तरी बदलणारी. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. खोटे फोटो घरबसल्या बनतात अशा दिवसांत तो हवाच. दर पावसाळ्यात 2021 चा चार दरवाज्याजवळचा खचलेला रस्ता 'आत्ताच पन्हाळ्यात' म्हणून फिरतो आणि मला पुण्याहून फोन येतात, सुखरूप आहात ना. पण टपरीवाल्या काकांनी आणि चिखलीच्या पोरानं वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र आणायचं कुठून? तो कॅमेरा मी कधीच भंगारात दिला.

आणि निगेटिव्ह? ती पट्टी भूमिपूजनाच्या वेळी कॅमेऱ्यात होती. तिच्या कडेला छापील नंबर आहे, टपरी 22 व्या फोटोत. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत तोच मांडव, तेच हार. पाकिटावर स्टुडिओवाल्याच्या हातची तारीख. तिच्या पोटात काही बदलायला कुणी गेलेलं नाही, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कोर्टात काय होईल ते वकील सांगतील. निदान नगरपरिषदेच्या टेबलावर ती ठेवता तरी येते.

कोल्हापूरचा माणूस कॅमेऱ्याच्या बाबतीत तसा भाग्यवान. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, 1917-18 च्या सुमाराला, आणि 1920 ला 'सैरंध्री' काढला. खरी कॉर्नरला आपण त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारलाय. दरवर्षी हार घालतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या कॅमेऱ्यातून उतरलेलं काय शिल्लक आहे, विचारा. 'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. 'सावकारी पाश'चा मूकपट मिळत नाही. 'मुरलीवाला'सारखा एखादा अपवाद सोडला तर त्या कंपनीचं बहुतेक काम गेलं. कॅमेऱ्याला आपण दगडात उभं केलं, फिल्म ठेवायला एक कोरडी खोली केली नाही. माझ्या हातून सीडीचं जे झालं ते फार वेगळं नाही, म्हणून हे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये.

आता मागणी. गडावर वारशाच्या नावानं आराखडे होतील, फलक लागतील, दिवे लागतील. त्यात एक खोली मागतोय. एअरकंडिशन नको, ओल न येणारी एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एक बरा स्कॅनर. तालुक्यातल्या जुन्या फोटो स्टुडिओंकडं अजून निगेटिव्ह पडून आहेत. चाळीस-पन्नास वर्षांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, गणपतीचे मांडव. स्टुडिओवाल्यांची पोरं आता मोबाईल दुरुस्ती करतात, त्यांना त्या खोक्यांची अडचण होते. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधून चांदी निघते म्हणून भंगारवाले किलोवर घेतात. असं एक पोतं माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आणि मी ते अडवायला हवं होतं.

कुणी म्हणेल, लग्नाच्या फोटोंचा वारशाशी काय संबंध? मी सांगतो. चार दरवाजा इंग्रजांनी 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर पाडला. तो कसा दिसायचा हे दाखवणारा फोटो मी तरी कधी बघितलेला नाही. पण 2021 ला खचण्याआधी त्याच्याजवळचा रस्ता, त्याचा कठडा, त्यावरचं झाड कसं होतं, हे शेकडो वरातींच्या फोटोत मागं आहे. सज्जाकोठीची, अंबरखान्याची भिंत कुठल्या साली कुठवर शाबूत होती हे शाळांच्या सहलीच्या ग्रुप फोटोत आहे. मुद्दाम काढलेल्या फोटोंपेक्षा माणसांच्या पाठीमागं जास्त गड शिल्लक आहे. आणि गडावर कोण राहत होतं हे तर फक्त तिथंच आहे.

डिजिटलचंही तसंच. 2003 ते 2012 या काळात ज्यांनी सुरुवातीचे कॅमेरे वापरले, त्यांच्या सीड्या, जुनी कार्डं, बंद पडलेले कॉम्प्युटर, हे आज-उद्यात वाचले तर वाचतील. आपल्याकडं सर्वात मोठं भगदाड त्याच वर्षांत आहे, आणि साधी माणसं फोटोत यायला लागली तीही त्याच वर्षांत. माझ्यासारखा लहान आकार ठेवलेला असला तरी चालेल.

चिखलीच्या त्या पोराचं राहिलं. तीन वर्षांनी, 2022 ला, त्याचा परत फोन आला. घर बांधायला काढलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची ट्रंक उघडली, तर आजीच्या लुगड्याच्या घडीत एक फोटो. मी 2005 च्या दिवाळीत चिखलीला गेलो होतो, तेव्हा काही घरांना प्रिंट वाटल्याचं मी साफ विसरलो होतो. पोस्टकार्डाएवढा, चौकोनी ठिपके दिसणारा, रंग उडालेला. भिंत, रेघ, रेघेखाली आजी. मागं माझ्या अक्षरात बॉलपेननं नाव, गाव, 'जुलै 2005' आणि माझी सही. प्रत्येक पुरात ती ट्रंक सगळ्यात आधी माळ्यावर जायची म्हणे. त्या प्रिंटचा फोटो काढून त्यानं मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी त्याला म्हटलं, मूळ प्रिंट कुणाला देऊ नको, झेरॉक्स दे.

तर, ज्यांच्याकडं असं काही आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. येत्या दोन-तीन रविवारी मी तालुक्यात फिरणार आहे, मित्राचा स्कॅनर मिळालाय, घरी येऊन स्कॅन करून वस्तू तुमची तुम्हाला तिथल्या तिथं परत देईन. पैसे नाहीत. निगेटिव्ह हाताळताना कडेनं धरा, मधे बोट लावू नका, ओल्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका, तशाच ठेवा. आणि पाकीट फाटलं असलं तरी टाकू नका. तारीख त्यावर असते.